पाव दराचे फॅक्स

१९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात मी सांगलीत कार्यालयीन यंत्रांच्या दुरुस्तीचे काम करत होतो. टेलिफोनच्या लाइनवरून कागदाची नक्कल पाठवणाऱ्या फॅक्स यंत्रांच्या तक्रारी बहुधा ठरलेल्या असत: कागद अडकणे, पावसाळ्यात लाइनवर खरखर येणे, विजांच्या गडगडाटानंतर यंत्राचा लाइनकडचा भाग जळणे. आवाजाची तक्रार कोणी यंत्राचा बिघाड म्हणून नोंदवत नसे. विश्रामबागेतल्या एका हळदीच्या दलालांच्या घरचे काम मला आजही तपशीलवार आठवते, ते त्यामुळेच.

शेठजींचा निरोप असा होता की, रात्री बाहेरगावच्या व्यापाऱ्यांचे फॅक्स येत नाहीत. पाठवणारा म्हणतो की घंटा वाजत राहते आणि कोणी उचलत नाही. त्या काळी रात्री ११ नंतर एसटीडीचा, म्हणजे परगावी थेट फोन लावण्याचा, दर दिवसाच्या दराच्या चौथ्या हिस्स्यावर येत असे, त्यामुळे दिल्ली-कानपूरकडचे व्यापारी मालाची मागणी आणि भाव त्याच वेळी पाठवत. सकाळी मार्केट यार्डात सौदे सुरू होण्यापूर्वी तो कागद हातात नसला, तर दलालाचा दिवस वाया जाई. दुकान रात्री बंद असल्याने शेठजींनी यंत्र घरी, माजघरात ठेवले होते. माजघराला लागूनच त्यांच्या आईंची खोली होती. आईंना हृदयाचे दुखणे होते, आणि एकदा झोपमोड झाली की त्या पहाटेपर्यंत जाग्या राहत.

यंत्र थर्मल, म्हणजे उष्णतेने अक्षरे उमटणाऱ्या, कागदाच्या गुंडाळीवर छापणारे, साधे, घरगुती होते. मी प्रथम एका कागदाची प्रत काढून पाहिली. ती स्वच्छ आली, म्हणजे छपाईचा भाग आणि कागद दोन्ही ठीक होते. रिसीव्हर उचलल्यावर डायल टोनही खणखणीत होता. मग मी आमच्या दुकानात फोन करून सहकाऱ्याला उलट फोन लावण्यास सांगितले. पडद्यावर फोन आल्याची अक्षरे उमटली, परंतु घंटा वाजली नाही आणि यंत्राने फोन उचललाही नाही. वरच्या मजल्यावर शेठजींच्या खोलीत त्याच लाइनवर एक पॅरलल फोन होता. तोही गप्पच होता.

वहिनींना विचारल्यावर उलगडा झाला. आईंची झोप मोडते म्हणून त्यांनी यंत्राचा रिंगर, म्हणजे घंटा, पूर्ण बंद केला होता. वरच्या फोनची घंटा जिन्यातून खाली ऐकू येई, म्हणून त्याचीही तार काढून ठेवली होती. इकडे शेठजींनी यंत्र पहिल्यापासून फोनच्या पद्धतीवर ठेवले होते, म्हणजे फोन माणसाने उचलायचा आणि पलीकडून फॅक्स आहे असे कळले की स्टार्टचे बटण दाबायचे. या पद्धतीत यंत्र आपणहून कधीच फोन उचलत नाही. ते घंटेच्या आणि माणसाच्या भरवशावर चालते. दोघांनीही जे केले होते ते आपापल्या जागी योग्यच होते, परंतु दोन्ही एकत्र आल्यावर त्या घरात रात्री फॅक्स येण्याची वाटच उरली नव्हती.

या ठिकाणी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण ती ठाऊक नसल्याने मी अनेक घरांत गोंधळ पाहिला आहे. फॅक्स यंत्रातले आवाज एकमेकांपासून स्वतंत्र असतात. घंटा वेगळी, डायल टोन आणि दोन यंत्रांतली किरकिर ऐकवणारा स्पीकर वेगळा, कळ दाबल्यावरची टिक वेगळी, फॅक्स पूर्ण आल्याची शिट्टी वेगळी आणि कागद संपल्याची शिट्टी त्याहून वेगळी. त्या यंत्रावर आवाज कमी-जास्त करण्याच्या कळा दोनच होत्या: यंत्र रिकामे असताना त्या दाबल्या तर घंटेचा आवाज बदले, आणि स्पीकर चालू असताना दाबल्या तर स्पीकरचा. वहिनींनी बरोबर पहिलाच आवाज बंद केला होता. शेठजींना मात्र डायल टोन मोठ्याने ऐकू येत असल्यामुळे यंत्राची घंटा बंद असेल अशी शंकाच आली नाही.

शेठजींची पहिली सूचना अशी होती की, यंत्र फोन-फॅक्स अशा दुहेरी पद्धतीवर ठेवावे. या पद्धतीत घंटा बंद ठेवली तरी यंत्र स्वतः फोन उचलते आणि आवाज न करता पलीकडचे ऐकते. पलीकडे फॅक्स यंत्र असेल तर मुकाट्याने फॅक्स घेते, आणि माणूस असेल तरच स्वतःची वेगळी घंटा वाजवते. ऐकायला ही सूचना उत्तम होती. परंतु त्यांचे व्यापारी फॅक्स कुठून पाठवतात हे मी विचारले, तेव्हा ते बहुतेक एसटीडी बूथवरून पाठवतात असे कळले, आणि मला शंका आली. म्हणून यंत्र दुहेरी पद्धतीवर ठेवून, वहिनींना जवळ बसवून, मी कोपऱ्यावरच्या बूथवर गेलो आणि तिथल्या मुलाला नेहमीप्रमाणे एक कागद पाठवण्यास सांगितले.

त्याने रिसीव्हर उचलून नंबर फिरवला आणि पलीकडची शिट्टी ऐकू येण्याची वाट पाहत तो उभा राहिला. ती ऐकू आली की स्टार्ट दाबायचे, ही त्याची रोजची रीत होती. यंत्राने स्वतः नंबर फिरवला, तर ते ११०० हर्ट्झचा, अर्धा सेकंद वाजून तीन सेकंद थांबणारा सूर पाठवत राहते, आणि त्यावरूनच घेणारे यंत्र फॅक्स ओळखते. रिसीव्हर हातात धरून नंबर फिरवला, तर तो सूर निघत नाही. घेणारे यंत्र त्या सुराची वाट पाहत होते आणि बूथवरचा मुलगा घेणाऱ्या यंत्राच्या २१०० हर्ट्झच्या शिट्टीची. शेवटी यंत्राने पलीकडे माणूस आहे असे धरून घंटा वाजवली. मी परत गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, “वाजलं हो, चांगलं मोठ्यानं वाजलं.” म्हणजे जे फॅक्स रात्री येणार, नेमके तेच आईंना उठवणार होते.

म्हणून रात्रीसाठी मी केवळ फॅक्स घेण्याची पद्धत ठरवली. तीत यंत्र कोणाचीही चौकशी न करता फोन उचलते आणि लगेच शिट्टी देते. ती शिट्टी लाइनवर जाते, खोलीत ऐकू येत नाही. खालचा रिंगर बंद ठेवला आणि फॅक्स आल्याची शिट्टीही बंद केली. वरच्या फोनची तार पुन्हा जोडली, कारण घंटेचा विद्युतप्रवाह एक्सचेंजकडून लाइनवरच्या प्रत्येक उपकरणाकडे एकाच वेळी येतो आणि यंत्रातला रिंगर बंद केल्याने वरच्या घंटेला काही फरक पडत नाही. ती घंटा अगदी बारीक करून फोन शेठजींच्या उशाशी ठेवला, आणि यंत्र काही घंटा होऊ देऊन मग उचलेल असे केले. पुण्याच्या मुलीचा रात्री-अपरात्री फोन आला तर शेठजींना तो उचलण्यास तेवढा अवधी पुरेसा होता. सकाळी पद्धत बदलून रिंगर सुरू करण्याचे काम वहिनींनी आपणहून घेतले. कागद कापणाऱ्या पात्याचा खटका कोणत्याही कळेने कमी होत नाही, तेव्हा यंत्र आईंच्या भिंतीपासून हलवून समोरच्या कोनाड्याशेजारी, जाड रबरावर ठेवले.

वहिनींची इच्छा होती की कागद संपल्याची शिट्टीही बंद करावी. त्याला मी नकार दिला. थर्मल गुंडाळी रात्री संपली आणि कोणाला कळले नाही, तर यंत्राच्या स्मृतीत मावतील तेवढीच पाने राहतात आणि पुढची परत जातात. मग शेठजींची तक्रार होती तिथेच येऊन थांबली असती. त्याऐवजी मी त्यांना कागदाच्या कडेला गुंडाळी संपत आल्यावर दिसणारी लाल पट्टी दाखवली. ती दिसली की त्याच संध्याकाळी नवी गुंडाळी घालावी, उरलेला कागद वाया गेला तरी चालेल, असे सांगितले. शेठजींनी लगेच कपाटातून दोन नव्या गुंडाळ्या काढून यंत्राशेजारी ठेवल्या.