आमची वाटचाल : दोर, साखळ्या आणि माणसांचे वागणे

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही सुरुवात केली ती वायररोप स्लिंग (भार क्रेनच्या हुकाला अडकवण्याचा पोलादी तारांचा दोर), डी-शॅकल (दोर जोडण्याची डी आकाराची कडी) आणि चेनपुली विकणाऱ्या एका लहान गाळ्यातून. १९९१ नंतर पिंपरी-चिंचवड परिसरात वाहनांच्या सुट्या भागांचे कारखाने वाढत गेले, शेडमध्ये ईओटी क्रेन (छताखालच्या रुळांवर विजेवर चालणाऱ्या क्रेन) वाढल्या आणि गिऱ्हाइके मालाबरोबर चाचणीचे प्रमाणपत्रही मागू लागली. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २९ नुसार भार उचलणारी यंत्रे, साखळ्या व दोर यांची बारा महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी करून घेणे बंधनकारक होते. विक्रीपेक्षा या कामात आमचे मन अधिक रमले आणि कालांतराने तपासणी हाच आमचा मुख्य व्यवसाय झाला. जागा, कर्जे आणि यंत्रांची खरेदी यांचा तपशील कोणत्याही लहान उद्योगाचा असतो तसाच असल्यामुळे तो इथे देत नाही.

तुटलेला दोर हातात आला की तो का तुटला हे बहुधा लवकर कळते. तारा झिजलेल्या असतात, धारदार कडेवर दोर घासलेला असतो किंवा गाठ मारून वापरल्यामुळे त्याला पीळ बसलेला असतो. मात्र अशा अवस्थेतला दोर महिनोन्‌महिने वापरात कसा राहिला, याचे उत्तर धातूत सापडत नाही.

त्या उत्तराचा मोठा भाग, विचित्र वाटले तरी, सुरक्षागुणकात दडलेला आहे. स्लिंगवर जो सुरक्षित भार लिहिलेला असतो, त्याच्या साधारण पाचपट भाराला तो तुटेल अशा बेताने तो बनवलेला असतो. दोन पायांच्या, म्हणजे हुकापासून दोन दोर खाली येणाऱ्या, स्लिंगने २ टन वजन उचलताना प्रत्येक पाय आडव्या रेषेशी ६० अंशांचा कोन करत असेल, तर एका पायावर सुमारे १.१५ टन ताण येतो. पाय पसरून तो कोन ३० अंशांवर आला की तोच ताण पूर्ण २ टन होतो. दीड टन सुरक्षित भाराचा दोर अशा वेळी मर्यादेच्या बाहेर गेलेला असतो, पण तुटत नाही. क्रेनला भार बांधणारा खलाशी ते पाहतो, मुकादम पाहतो, आणि ‘काल तर उचललं होतं की’ या वाक्याला हळूहळू नियमाचे वजन येते. जी मोकळीक अनपेक्षित धक्क्यासाठी ठेवलेली असते, ती रोजच्या सोयीसाठी खर्च होऊ लागते, आणि प्रत्येक यशस्वी उचल पुढच्या चुकीच्या बाजूने साक्ष देते.

हे केवळ अल्पशिक्षित कामगारांचे वागणे आहे असे मानणाऱ्या व्यवस्थापकांना आम्ही अमेरिकेच्या चॅलेंजर अंतराळयानाचे उदाहरण देतो. २८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत ते यान नष्ट झाले आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. रॉकेटच्या सांध्यातील रबरी कडी आधीच्या काही उड्डाणांतही जळून झिजलेली आढळली होती. ती त्रिज्येच्या एक तृतीयांशच झिजली, म्हणजे तिप्पट सुरक्षितता शिल्लक आहे, असा अर्थ त्यातून काढला गेला. चौकशी आयोगाचे सदस्य, भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी यावर नेमके बोट ठेवले : कडी मुळी झिजायलाच नको होती, त्यामुळे तिथे सुरक्षागुणक शिल्लक होता असे म्हणताच येत नाही. उड्डाणाच्या आदल्या रात्री कंत्राटदार कंपनीच्या अभियंत्यांनी कडाक्याच्या थंडीमुळे विरोध केला होता, पण त्यांच्याच वरिष्ठांनी तो बाजूला ठेवला.

वेळापत्रकाचा दाब तर पुणेकरांना वेगळा सांगावा लागत नाही. पानशेत धरणाच्या विमोचकाचे (पाणी सोडण्याच्या मार्गाचे) काम अपुरे असतानाच १९६१ च्या पावसाळ्याचे पाणी अडवले गेले. १२ जुलैला धरण फुटले, पाठोपाठ खडकवासलाही फुटले. आमच्या गिऱ्हाइकांकडे हाच दाब महिनाअखेरच्या डिस्पॅचच्या रूपाने येतो. हूक मर्यादेपलीकडे जाऊ लागला की क्रेन थांबवणारा लिमिट स्विच त्याच आठवड्यात ‘तात्पुरता’ बायपास होतो आणि हुकातून दोर निसटू न देणारे सेफ्टी लॅच अडते म्हणून काढून ठेवले जाते. ते परत बसवायचे असते हे सर्वांना ठाऊक असते. कोणी बसवायचे हे मात्र कोणालाच ठाऊक नसते.

तपासणीत बाद झालेला स्लिंग पुढच्या भेटीत पुन्हा क्रेनवर दिसतो, हा अनुभव आम्हाला वारंवार आला. चौकशी केल्यावर कळले की स्लिंग भंगारात काढायचा तर भांडारपालाला सही हवी, सहीसाठी कारण हवे, आणि कारण लिहिले की नव्या खरेदीचा खर्च कोणाच्या तरी खात्यावर पडतो. म्हणून तो ‘बाजूला’ ठेवला जाई. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. जो दोष पाहतो त्याला काम थांबवता येत नाही आणि ज्याला थांबवता येते त्याच्यापर्यंत दोष कागदाच्या दहाव्या ओळीत पोहोचतो, इतकेच.

त्यानंतर आम्ही कामाची पद्धत बदलली. बाद स्लिंग मालकाच्या संमतीने तिथल्या तिथे गॅसकटरने कापायचा, आणि अहवाल कार्यालयात देण्यापूर्वी खलाशांसमोर मराठीत व हिंदीत वाचायचा, असा नेम ठेवला. काही गिऱ्हाइकांना हे मानवले नाही. वस्तूकडे न बघता प्रमाणपत्र देणारेही बाजारात आहेत, शिवाय ज्याची तपासणी करायची त्यानेच शुल्क द्यायचे ही या व्यवसायाची जन्मजात अडचण आहे. उत्पन्न घटले, दोन वर्षे ओढाताण झाली. जी गिऱ्हाइके राहिली, त्यांच्याकडे कारखानाप्रमुख स्वतः विचारत असत की या खेपेस किती बाद झाले, आणि ती संख्या शून्य आली तर का आली.

अलीकडे कंत्राटी कामगार काही महिन्यांतच बदलतात, त्यामुळे शिकवलेले टिकत नाही. म्हणून नव्या करारांत आम्ही एक अट घालतो : दोर संशयास्पद वाटल्यास खलाशाने उचल थांबवली, तर त्या दिवसाची मजुरी कापली जाऊ नये. काही कारखान्यांनी ती मान्य केली आहे. काहींच्या खरेदी विभागाने ती खोडून करार परत पाठवला आहे आणि ती बोलणी अजून चालू आहेत.