बरोबरीचा एंडगेम आणि इंजिनचा आकडा : माझा अनुभव

बुद्धिबळाच्या इंजिनने, म्हणजे चाली तपासणाऱ्या संगणक प्रोग्रॅमने, पटाशेजारी दाखवलेला आकडा डावाच्या पहिल्या भागात सहसा विश्वासार्ह असतो, परंतु पटावर मोजकेच मोहरे उरले की, म्हणजे एंडगेममध्ये, तोच आकडा अनेकदा दिशाभूल करतो. ज्या स्थितीत बरोबरी ठरलेली आहे, तिथे तो पांढऱ्याच्या बाजूने दीड-दोन दाखवतो, आणि जिथे बचाव करणाऱ्याला प्रत्येक चाल तोलून करावी लागते, तिथे निर्विकारपणे शून्य दाखवतो. असे का होते हे नीट समजून घेण्यासाठी मला बरेच वाचावे लागले, जुन्या लॅपटॉपवर अनेक प्रयोग करावे लागले, आणि त्यातून इंजिनकडे पाहण्याची माझी पद्धतच बदलली. हा सगळा प्रवास मराठीत कोठे सलग लिहिलेला मला आढळला नाही, म्हणून तो सविस्तर मांडत आहे.

परभणीत मी संध्याकाळी मुलांना बुद्धिबळ शिकवतो. सुट्टीच्या दिवसांत सेलू, मानवत, गंगाखेड या बाजूची मुलेही येतात. नांदेडच्या एका स्पर्धेहून परतलेल्या विद्यार्थिनीने आपला डाव मला दाखवला. दोघांकडे एकेक उंट होता, पण पांढऱ्याचा उंट पांढऱ्या घरांवरून चालणारा आणि काळ्याचा काळ्या घरांवरून. पांढऱ्याकडे दोन प्यादी जास्त होती. काळ्याचा राजा आणि उंट मात्र त्या प्याद्यांसमोरच्या काळ्या घरांवर असे ठाण मांडून बसले होते की पांढऱ्याच्या उंटाला त्या घरांपर्यंत पोहोचण्याचा मार्गच नव्हता. "सर, इंजिन तर पांढरा जिंकायलाय म्हणायलंय, मग डाव बरोबरीत कसा?" हा तिचा प्रश्न होता. विरुद्ध रंगाच्या उंटांचा एंडगेम बरोबरीकडे झुकतो एवढे मी तिला सांगू शकलो असतो. परंतु तिने विचारले होते ते इंजिनबद्दल, आणि त्याचे उत्तर पुस्तकी नियमात नव्हते.

मी पहिल्यांदा त्या आकड्याचा अर्थच तपासायला घेतला. आमच्या पिढीने शिकलेला अर्थ असा, की अधिक एक म्हणजे पांढऱ्याकडे एका प्याद्याइतकी सरशी. स्टॉकफिश या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या मोफत इंजिनच्या बाबतीत तो अर्थ आता लागू नाही. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या त्याच्या १५.१ या आवृत्तीपासून अधिक एक याचा अर्थ असा ठरवण्यात आला, की तुल्यबळ प्रतिस्पर्ध्याविरुद्ध जिंकण्याची शक्यता ५० टक्के आहे. उरलेले ५० टक्के जवळजवळ सर्वस्वी बरोबरीचे असतात. म्हणजे इंजिन अधिक ०.८ दाखवत असेल, तर त्याच्या स्वतःच्याच हिशेबाने बरोबरीची शक्यता विजयापेक्षा जास्त असते, आणि आपण मात्र ते पाहून पांढरा जिंकत आहे असे म्हणून मोकळे होतो. इंजिनच्या सेटिंगमध्ये विजय, बरोबरी व पराभव यांची शक्यता दर हजारी तीन वेगवेगळ्या आकड्यांत दाखवण्याची सोय आहे. ती मी सुरू केली आणि त्या मुलीची स्थिती पुन्हा मांडली, तेव्हा मधला आकडा सर्वांत मोठा होता. इतकी उपयुक्त सोय मुळात बंद ठेवलेली असते हे मला पटत नाही; शिकवणाऱ्या प्रत्येकाने ती सर्वांत आधी सुरू करावी.

तरीही मूळ प्रश्न बाकी होता. स्थिती निश्चितपणे बरोबरीची असेल, तर शक्यता कशाला, थेट शून्य का नाही? त्यासाठी इंजिन आकडा कसा काढते ते पाहावे लागले. इंजिन एकीकडे पुढच्या चालींच्या शाखा तपासत खोल जाते, आणि जिथे थांबावे लागते तिथल्या स्थितीला एक अंदाजित मूल्य देते. हे मूल्य देण्याचे काम पूर्वी माणसांनी हाताने लिहिलेल्या नियमांवर चाले, आणि त्या नियमांत एंडगेमचे खास ज्ञान घातलेले असे. उदाहरणार्थ, पांढऱ्याकडे राजा, एच पट्टीवरचे प्यादे आणि पांढऱ्या घरांवरचा उंट आहे, आणि काळ्याचा एकटा राजा एच८ या कोपऱ्यात पोहोचला आहे. मोहऱ्यांची नुसती बेरीज केली तर पांढरा चार प्याद्यांइतका पुढे आहे. परंतु एच८ हे घर काळे आहे, पांढऱ्याचा उंट त्यावर कधीच मारा करू शकत नाही, म्हणून काळा राजा त्या कोपऱ्यातून हुसकला जात नाही. त्याचे जी८ हे घर तोडले, तर शह नाही आणि चालही नाही अशी अवस्था होऊन डाव बरोबरीत सुटतो. स्टॉकफिशच्या जुन्या आवृत्त्यांत नेमक्या या स्थितीसाठी वेगळा नियम होता, आणि विरुद्ध रंगाच्या उंटांसाठी मूल्य कमी करणारा गुणकही होता.

२०२० च्या सप्टेंबरमध्ये स्टॉकफिश १२ पासून मूल्यांकनात न्यूरल नेटवर्क आले. त्याची मूळ कल्पना यू नासू यांनी २०१८ मध्ये शोगी या जपानी खेळासाठी मांडली होती. २०२४ मधील स्टॉकफिश १६.१ मध्ये हाताने लिहिलेले मूल्यांकन पूर्णपणे काढून टाकण्यात आले. नेटवर्क प्रचंड संख्येने स्थिती पाहून शिकलेले असते आणि एकूण खेळात ते जुन्या नियमांपेक्षा कितीतरी सरस आहे. मात्र ते सिद्धता देत नाही, कौल देते. अशा स्थितीत दोन प्यादी जास्त असणारा किती वेळा जिंकतो, याचा त्याला झालेला संस्कार आकड्याच्या रूपाने बाहेर पडतो. त्या मुलीच्या डावातली ही नाकेबंदी कायमची आहे हे त्याला आपोआप कळत नाही. ते कळण्यासाठी चालींचा शोध पुरेसा खोल जावा लागतो.

शोध खोल गेल्यावर काय होते, हे मी एका रात्री लॅपटॉप तसाच चालू ठेवून पाहिले. उन्हाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे असे प्रयोग बॅटरी पूर्ण भरूनच करावे लागतात. आकडा झटक्यात शून्यावर आला नाही. तो हळूहळू घसरत राहिला. याचे कारण ५० चालींच्या नियमात आहे. दोन्ही बाजूंनी ५० चालींत एकही प्यादे हलले नाही आणि एकही मोहरा मारला गेला नाही, तर खेळाडूला बरोबरीचा दावा करता येतो, आणि ही मोजणी जसजशी वाढते तसतसे स्टॉकफिश आपले मूल्य शून्याकडे ओढत नेते. सारख्या शहांनी स्थितीची पुनरावृत्ती होणार असेल, तर इंजिन शोधातच ती ओळखून लगेच शून्य दाखवते. पण नाकेबंदीत पुनरावृत्ती टाळून निरर्थक चाली खेळत राहायला वाव असतो, म्हणून तिथे शून्य उशिरा येते किंवा येतच नाही.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण गणितज्ञ रॉजर पेनरोज यांच्या संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेले कोडे आहे. मी ते वर्गात पटावर मांडले. काळ्याकडे राजा, वजीर, दोन हत्ती, तीन उंट आणि पाच प्यादी. पांढऱ्याकडे राजा आणि फक्त चार प्यादी. इंजिने काळा जिंकतो असे सांगत होती. आता जवळून पाहा : काळ्याचा राजा, वजीर आणि दोन्ही हत्ती पटाच्या डाव्या कडेला आपल्याच प्याद्यांत असे अडकले आहेत की पांढऱ्याने त्यांना सोडवले नाही तर त्यांना एकही चाल नाही. काळ्याची पाचही प्यादी थोपलेली आहेत. हलू शकतात ते फक्त उंट, आणि तिन्ही उंट काळ्या घरांवरचे. पांढऱ्याची चारही प्यादी पांढऱ्या घरांवर आहेत, म्हणजे उंट त्यांना मारू शकत नाहीत. पांढऱ्याने हत्ती मारण्याचा मोह टाळून आपला राजा तिरका, पांढऱ्या घरावरून पांढऱ्या घरावर नेत राहायचे. त्याला शह देणारे कोणी नाही. माझ्या वर्गातल्या लहान मुलांनी हे थोड्या वेळात ओळखले, कारण त्यांनी कोणता मोहरा हलू शकतो असा प्रश्न आधी विचारला. इंजिनच्या अंदाजात मात्र वजीर आणि हत्ती यांचे वजन होते.

कोड्यात राजे आणि प्यादी धरून एकूण १७ मोहरे आहेत. मोहरे सात किंवा त्याहून कमी असतील तर परिस्थिती पूर्णपणे वेगळी असते, कारण तिथे टेबलबेस उपलब्ध आहे. टेबलबेस म्हणजे त्या मोहऱ्यांच्या प्रत्येक शक्य स्थितीचा निकाल साठवलेला कोश. तो मात झालेल्या स्थितींपासून सुरुवात करून एकेक चाल मागे जात तयार केला जातो, म्हणून त्यात अंदाजाला जागाच उरत नाही. युनिक्सचे एक निर्माते केन थॉम्पसन यांनी या क्षेत्रात आरंभीचे मोठे काम केले. आज सर्रास वापरला जातो तो रोनाल्ड डी मान यांनी २०१३ मध्ये आणलेला सिझिगी हा संच.

पाच मोहऱ्यांपर्यंतचा सिझिगी संच सुमारे एक जीबीचा आहे आणि तो मोबाइलच्या हॉटस्पॉटवरूनही उतरवता येतो. सहा मोहऱ्यांचा संच सुमारे १५० जीबीचा, तर २०१८ मध्ये पूर्ण झालेला सात मोहऱ्यांचा संच सुमारे १७ टेराबाइटचा आहे. मी पाचपर्यंतचा उतरवला आणि त्या फोल्डरचा पत्ता इंजिनच्या सेटिंगमध्ये सिझिगी पाथ या जागी भरला. त्यापुढील स्थितींसाठी लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळाच्या विश्लेषण पटावर सात मोहऱ्यांपर्यंतचा निकाल मोफत पाहता येतो. खेड्यातल्या मुलाला एका साध्या मोबाइलवर हे ज्ञान मिळते, याचे मोल मला फार मोठे वाटते.

पहिली चाचणी मी फिलिडोरच्या बचावाची घेतली, म्हणजे हत्ती व प्यादे यांच्याविरुद्ध एकट्या हत्तीने बरोबरी राखण्याच्या प्रसिद्ध पद्धतीची. पांढरा राजा डी५, प्यादे ई५, हत्ती एच७, काळा राजा ई८, हत्ती ए६, चाल पांढऱ्याची. काळ्याचा हत्ती सहाव्या रांगेवर उभा राहून पांढऱ्या राजाला पुढे येऊ देत नाही, आणि प्यादे ई६ वर सरकताच तो ए१ वर उतरून मागून शह देऊ लागतो. पांढऱ्या राजाला आता प्याद्यासमोर आडोसा मिळत नाही. टेबलबेस नसताना इंजिन थोडा वेळ पांढऱ्याकडे झुकलेला आकडा दाखवत होते. टेबलबेस जोडताच शून्य आले आणि ते तिथेच राहिले. दोन्ही वेळी पडद्यावर आकडाच होता, पण पहिला अंदाज होता आणि दुसरा निकाल. मला या सगळ्यातून सांगायचे आहे ते हेच : आकडा वाचण्याआधी तो कोठून आला हे विचारले पाहिजे. नेटवर्कच्या अंदाजातून, शोधात सापडलेल्या पुनरावृत्तीतून, की टेबलबेसमधून?

टेबलबेसच्या शून्यालाही मर्यादा आहे. हत्ती व उंट विरुद्ध हत्ती हा एंडगेम सर्वसाधारणपणे बरोबरीचा आहे, पण ग्रँडमास्टरही त्यात हरलेले आहेत. इथे टेबलबेस शून्य म्हणतो, आणि ते खरेच आहे. मात्र बचाव करणाऱ्याकडे एकच वाचवणारी चाल आहे की दहा, याचा त्या आकड्यात मागमूस नसतो. मी मुलांना इंजिनविरुद्ध हा बचाव खेळायला बसवले, तेव्हा टेबलबेस जोडलेले इंजिन उगाच इकडेतिकडे चाली करू लागले, कारण बरोबरी राखणारी प्रत्येक चाल त्याच्या लेखी सारखीच शून्य होती. टेबलबेस काढून टाकला तेव्हा तेच इंजिन जिंकण्याचा प्रयत्न करू लागले आणि मुलांचा खरा कस लागला. त्यामुळे आमच्याकडे आता सरावासाठी टेबलबेस बंद असतो आणि नंतर डाव तपासताना सुरू केला जातो.

सिझिगीत निकाल तीन नसून पाच प्रकारचे असतात, हे कळल्यावर आणखी एक कोडे सुटले. विजय, बरोबरी आणि पराभव यांच्या मध्ये दोन प्रकार आहेत : जो विजय ५० चालींच्या नियमामुळे हातातून निसटतो तो, आणि जो पराभव त्याच नियमामुळे टळतो तो. दोन घोडे विरुद्ध एक प्यादे या एंडगेममध्ये असे प्रकार मुबलक सापडतात. मॉस्कोत २०१२ मध्ये तयार झालेल्या लोमोनोसोव्ह टेबलबेसमध्ये सात मोहऱ्यांची ५४९ चालींत मात होणारी स्थिती सापडली होती. अशा लांबलचक विजयांतले बरेचसे प्रत्यक्ष स्पर्धेत पंचांसमोर टिकणार नाहीत. मी इंजिनमध्ये ५० चालींचा नियम नेहमी सुरू ठेवतो, कारण माझी मुले नियमांनुसार खेळणार आहेत.

यातूनच स्थिती भरण्याच्या पद्धतीकडे माझे लक्ष गेले. मुले बहुधा पटाचे चित्र पाहून मोहरे मांडतात आणि इंजिन सुरू करतात. अशा वेळी आधीच्या पुनरावृत्तींची माहिती इंजिनला मिळत नाही आणि ५० चालींची मोजणी शून्यापासून सुरू होते. प्रत्यक्ष डावात ४० चाली प्यादे न हलवता झाल्या असतील, तर उरलेल्या चालींत विजय बसतो की नाही हाच खरा प्रश्न असतो. म्हणून शक्यतो डाव पहिल्या चालीपासून भरावा. ते जमत नसेल तर स्थितीच्या सांकेतिक ओळीतील (एफईएन) पाचव्या जागी ही मोजणी स्वतः लिहावी. तिथे खेळाडूंच्या प्रत्येकी एका चालीसाठी दोन मोजले जातात, म्हणजे ४० चालींसाठी ८० लिहायचे. नांदेडच्या त्या डावाची चालींची वही पूर्ण होती, म्हणून तो आम्ही पहिल्या चालीपासून भरला. प्रत्येक निरर्थक चालीबरोबर पांढऱ्याचा आकडा कसा खाली येतो, हे त्या मुलीने स्वतः पडद्यावर पाहिले आणि पुढच्या रविवारी वर्गातल्या इतरांना समजावून सांगितले.