फुलांच्या नक्षीचे जुने चिनी मातीचे जग (मुठीची भांडी) जमवताना : माझा अनुभव

जुना जग हातात आला की मी प्रथम तो उलटा करून त्याचा तळ पाहते. गुलाबाच्या वेली आणि सोनेरी काठ नंतर निवांत पाहता येतात. सोलापुरात असे जग ठरवून मिळत नाहीत. एखादा वाडा किंवा रेल्वे लाइन्स भागातील जुना बंगला पाडायला निघाला, की सागवानी कपाटांबरोबर तेही जुन्या सामानाच्या दुकानांत येतात. घरोघर नळ येण्यापूर्वी इंग्रजी पद्धतीच्या शयनगृहात तोंड धुण्यासाठी मोठा जग आणि त्याच नक्षीचे पसरट भांडे अशी जोडी ठेवत असत. त्यातले भांडे बहुधा हरवलेले असते, जग तेवढा उरतो.

दुकानदार सरसकट सगळ्यालाच पोर्सेलिन, म्हणजे उंची, तलम चिनी माती म्हणतात. मोबाइलचा टॉर्च आत धरल्यावर काठाजवळून उजेड झिरपला, तर ते पोर्सेलिन किंवा बोन चायना (हाडांची राख मिसळलेली चिनी माती) असते. उजेड पूर्ण अडला, तर बहुधा सच्छिद्र मातीवर झिलई दिलेले भांडे असते. तोंड धुण्याचे मोठे इंग्रजी जग बव्हंशी या दुसऱ्या प्रकारचे आहेत. त्यामुळे त्यांची शोभा कमी होत नाही, पण भावाची बोलणी मात्र सोपी होतात. फुले भिंगाखाली पाहिली की छापील नक्षीचे बारीक ठिपके आणि हाताने भरलेल्या रंगातील कुंचल्याचे फटकारे वेगळे ओळखू येतात. कित्येक जगांवर रेषा छापील असतात आणि रंग हाताने भरलेला असतो.

तळावरचा शिक्का वाचायला मी सावकाश शिकले. अमेरिकेने आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केल्यामुळे १८९१ पासून ‘इंग्लंड’ हा शब्द नियमित दिसू लागतो, तर ‘मेड इन इंग्लंड’ असेल तर वस्तू बहुधा विसाव्या शतकातील समजावी. ‘आरडी नंबर’ (Rd No.) ही ब्रिटनमधील नक्षीच्या नोंदणीची पद्धत १८८४ मध्ये सुरू झाली आणि १९०० च्या सुमारास हे क्रमांक साडेतीन लाखांपर्यंत पोहोचले होते. अर्थात हा क्रमांक नक्षी कधी नोंदली ते सांगतो, जग कधी भाजला ते नव्हे. जपानी मालावर १९२१ पर्यंत ‘निप्पॉन’, नंतर ‘जपान’ आणि १९४५ ते १९५२ या काळात पुष्कळदा ‘ऑक्युपाइड जपान’ (युद्धानंतर परक्या ताब्यातील जपान) असे लिहिलेले असते.

दुरुस्ती ओळखणे मला सर्वांत कठीण गेले. बोटाने हलके टिचकावल्यावर खणखणीत नाद न येता बद्द आवाज आला, तर कुठेतरी चीर आहे, असे मी धरून चालते. मूठ जिथे जोडलेली असते तो भाग आणि चोच नोटा तपासण्याच्या जांभळ्या दिव्याखाली धरते, कारण तिथे नंतर लावलेला डिंक किंवा रंग मूळ झिलईपेक्षा वेगळा चमकतो. मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर, हा दिवा काढला की भाव सांगणाऱ्याचा सूर लगेच बदलतो. तिथून घेतलेला जग सोलापुरी टॉवेलांत गुंडाळून, पोटातही टॉवेल भरून, सिद्धेश्वर एक्स्प्रेसने माझ्या बर्थवरच येतो. जुनी मूठ केव्हा दगा देईल याचा नेम नसल्याने तो मी मुठीने कधीच उचलत नाही.

धुताना प्लॅस्टिकच्या टबात तळाशी टॉवेल, कोमट पाणी आणि सौम्य साबण एवढेच वापरते. झिलईच्या बारीक भेगांत मुरलेले तपकिरी डाग औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या तीन टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडने फिके होतात. सोनेरी काम असेल तर तेही टाळते. ब्लीचिंग पावडरला मात्र पूर्ण मज्जाव आहे, कारण तिने झिलई सुटू शकते.

‘पाणी प्यायला तांब्या आहे की,’ असे सासूबाई म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे एका अर्थी बरोबरच आहे. जुन्या झिलईत शिसे असू शकते, म्हणून यात पन्हे किंवा ताक ठेवत नाही. फुले ठेवली तरी पाणी आतल्या काचेच्या पेल्यात असते.

परदेशातील भाच्याला एक जग हवा होता. भारताच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी ‘ऑक्युपाइड जपान’ असा शिक्का असलेला जग निवडला. त्याचे वय सिद्ध करायला तो शिक्काच पुरेसा होता.