आठवड्यातून एकदा पाणी : लहान मुलांच्या घरातली आमची झाडं

आम्ही दोघं नोकरी करतो, घरात दोन मुलं आहेत आणि झाडांसाठी वेळ निघतो तो शनिवारी सकाळचा अर्धा तास. तरी मला घरात हिरवं हवंच होतं. आमच्या खिडकीतून समोरच्या इमारतीच्या टाक्या आणि पाइप दिसतात, मुलांनी रोज तेवढंच बघू नये एवढंच कारण. त्यामुळे निवडताना कुठलं झाड सुंदर हे मी नंतर बघायचं ठरवलं. पहिली अट अशी की पाणी आठवड्यातून एकदाच मिळणार, त्यात जे तग धरेल ते घरात येईल.

दुसरी अट धाकट्याने घातली. तो रांगत होता आणि हाताला लागेल ते तोंडात जात होतं. नर्सरीत सगळ्यात आधी नजरेत भरतं ते रुंद, पांढऱ्या ठिपक्यांच्या पानांचं डायफेनबेकिया. देखणं आहे, सावलीत वाढतं, पण पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईच्या आकाराचे स्फटिक असतात. पान चावलं की तोंडाची आग होते, जीभ सुजते. अळू खाजतं ते याच स्फटिकांमुळे, आणि दोन्ही झाडं एकाच कुळातली. मनी प्लांट आणि जाड, चकचकीत पानांचा झेडझेड प्लांटही त्याच कुळातले. म्हणून डायफेनबेकिया मी आणलंच नाही, आणि बाकीची दोन धाकट्याचा हात पोचणार नाही अशा उंचीवर ठेवायची ठरवली. घरात रांगतं मूल असेल तर जागा आधी बघा आणि झाड मग घ्या, असं मी मैत्रिणींना आग्रहाने सांगते.

पुण्याहून सोलापूर रस्त्याने उरुळी कांचनच्या बाजूला गेलं की रोपवाटिकाच रोपवाटिका आहेत. तिथल्या एका मामांना मी अटी सांगितल्या. ते म्हणाले, “ताई, मग स्नेक प्लांट न्या. पाणी कमी झालं तर जगेल, जास्त झालं तर सडेल.” यापेक्षा नेमकी माहिती मला पुढे कुठेही मिळाली नाही. हे झाड मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं. त्याच्या पानांवरची रंध्रं दिवसाच्या उन्हात मिटलेली असतात आणि रात्री उघडतात, त्यामुळे पाण्याची वाफ फार कमी होते. झेडझेड पूर्व आफ्रिकेतला. त्याच्या मुळाशी बटाट्याएवढ्या गाठी असतात आणि पाणी त्यांत साठतं.

स्नेक प्लांटवर हल्ली ‘रात्री ऑक्सिजन देणारं झाड’ अशी पाटी असते. रात्री ते कार्बन डायऑक्साइड आत घेतं हे खरं, पण ऑक्सिजन तयार व्हायला प्रकाश लागतोच. हवा शुद्ध होते या समजाच्या मुळाशी नासाचा 1989 चा अभ्यास आहे, आणि त्यातले प्रयोग छोट्या बंद पेटीतले होते. पुढे 2019 मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा प्रयोगांचे आकडे पुन्हा मांडले. इमारतीत एरवी जेवढी हवा खेळते तेवढा फरक झाडांनी पडायचा, तर दर चौरस मीटरला किमान दहा आणि काही हिशेबांत हजारापर्यंत झाडं लागतील, असं त्यांना दिसलं. मुलांच्या खोलीतल्या हवेसाठी खिडकी उघडावी. झाड आणावं ते डोळ्यांना आणि मनाला बरं वाटतं म्हणून, तेवढं कारण मला पुरतं.

स्पायडर प्लांट मात्र मी मुद्दाम खाली, मुलांच्या हाताशी ठेवला. तो विषारी नाही. सासूबाई अलिबागकडच्या. त्यांनी बघताच म्हटलं, “अगं, ही तर फोडशी!” पहिल्या पावसानंतर कोकणात जिची भाजी करतात ती फोडशी आणि हा दक्षिण आफ्रिकेतला पाहुणा, दोघं क्लोरोफायटम या एकाच गटातले, पण जाती वेगळ्या. याची भाजी अर्थातच करायची नाही. याला लांब दांड्यावर पिल्लं लटकतात. मोठी ती कापून दह्याच्या रिकाम्या डब्यात लावते, डब्याच्या बुडाला भोकं पाडायचं काम माझं. नळाच्या पाण्यातल्या क्षारांनी पानांची टोकं तपकिरी होतात, तेवढी कात्रीने छाटून टाकते.

कुंड्यांचा विचार मला झाडांइतकाच महत्त्वाचा वाटतो. मातीच्या कुंडीतून ओल बाजूनेही उडते, म्हणून स्नेक आणि झेडझेड तिच्यात. स्पायडरला थोडी ओल आवडते, तो प्लास्टिकच्या कुंडीत. माती भरताना कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, कमी घातलं, कारण ते पाणी धरून ठेवतं. वाळू आणि गांडूळखत घातलं, आणि बुडाला भोक हवंच.

पावसाळ्यात आमचा आठवड्याचा नियम बदलावा लागला. हवेतच ओल, माती वाळेना, आणि कुंड्यांभोवती बारीक काळी चिलटं उडायला लागली. त्यांच्या अळ्या ओल्या मातीच्या वरच्या थरात वाढतात, म्हणून पाणी थांबवून तो थर पूर्ण वाळू दिला आणि ती गेली. तेव्हापासून शनिवार हा झाडं तपासायचा वार झाला. मातीत बोट दोन पेरं खुपसायचं, ओल लागली तर पाणी नाही. पावसात स्नेक प्लांटला तीन-तीन आठवडे पाणी लागत नाही.

मनी प्लांट काचेच्या बाटलीत, नुसत्या पाण्यात आहे. फांदीचं पेर पाण्यात बुडलं की तिथून मुळं फुटतात. पण पाण्यात ठेवलेल्या झाडाबद्दल मी फार काटेकोर आहे, कारण डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्याचा डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. आरोग्य खातं आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतं, आमचा तो शनिवारच. बाटली आणि कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करून आतून घासायच्या, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. बाटली घासायला ब्रश मोठीच्या हातात असतो. ओल्या फडक्याने पानं पुसायचं काम नवऱ्याचं. शेजारी बांधकाम चालू असल्याने धूळ भरपूर बसते, आणि धूळ बसली की पानाला प्रकाश कमी मिळतो.

मे महिन्यात अलिबागला जाताना स्नेक आणि झेडझेडला निघायच्या दिवशी पाणी घालते. नंतर तीन-चार आठवडे त्यांच्याकडे बघावं लागत नाही. मनी प्लांटची बाटली रिकामी करून सोबत नेते, तिथे पाणी बदलायला सासूबाई असतात. स्पायडरसाठी सुती नाडीचं एक टोक कुंडीच्या मातीत खोल पुरायचं आणि दुसरं शेजारी ठेवलेल्या, घट्ट झाकणाच्या पाणीभरल्या बरणीत सोडायचं. नाडी आधी पूर्ण भिजवून घ्या, झाकणाला नाडीपुरतंच भोक पाडा आणि बरणी कुंडीपेक्षा थोडी उंच ठेवा. हे सगळं निघण्याच्या दोन दिवस आधी करून बघा, म्हणजे पाणी किती वेगाने उतरतं ते कळतं.