तुम्ही विचारलंत म्हणून: एक उभी रेघ

"अगं, आपल्याकडे भाजीवालीसुद्धा कार्ड दाखवून मत देते. तुम्हाला तिकडे एवढं काय जड जातंय?" सांगलीच्या काकांचा हा प्रश्न घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर निवडणुकीला फिरून येतो. इथल्या, म्हणजे ब्रिटनमधल्या, मराठी मंडळात गणपतीच्या पंगतीला तोच जरा तिखट करून वाढतात: "मतदानाला फोटो ओळखपत्राचा नियम हुजूर पक्षानं आणला म्हणून तुमचा विरोध. एरवी नियमात वावगं काय आहे?" आजवर मी हसून मसालेभाताचा विषय काढत आले. आता एकदाच लिहून काढते. पुन्हा कुणी विचारलं तर हेच पाठवीन.

आधी कबुली. एप्रिल २०२२मध्ये ब्रिटनमध्ये फोटो ओळखपत्राचा कायदा मंजूर झाला, तेव्हा मी तुमच्याच बाजूची होते. ऑफिसातली एक मैत्रीण तावातावानं त्याच्याविरुद्ध बोलत होती. तिला मी म्हटलं होतं, तुम्ही इथले लोक फार लाडावलेले आहात. राष्ट्रकुलातल्या देशाचे नागरिक म्हणून आम्हाला भारतीय पासपोर्टवरही इथे मत देता येतं. पहिल्यांदा गेले तेव्हा पिशवीत चार कागद घालून गेले होते. टेबलामागच्या बाईंनी नाव-पत्ता विचारला, यादीवर पट्टी ठेवून नावावर रेघ मारली आणि मतपत्रिका हातात दिली. पिशवी उघडावीच लागली नाही. मतदार ओळखपत्रं आणणाऱ्या निवडणूक आयुक्त शेषनसाहेबांच्या देशातून आलेली मी, मला तो चक्क गलथानपणा वाटला.

पण काका, तुमची भाजीवाली कार्ड दाखवते कारण ते तिला सरकारनं दिलेलं असतं. ते हरवलं तर आधार चालतं, फोटो असलेलं बँकेचं पासबुक चालतं, रोजगार हमीचं जॉब कार्डही चालतं. इथे सगळ्यांकडे असतं असं कार्डच नाही. युद्धातली ओळखपत्रं १९५२ साली बंद झाली. मजूर पक्षानं नवी आणली, ती हुजूर पक्षाच्याच नेतृत्वाखालच्या सरकारनं २०१०मध्ये रद्द केली. बारा वर्षांनी तोच पक्ष मतदारांना म्हणाला, दाखवा ओळख. आणि यादी तरी कशी! ज्येष्ठांचा बसपास चालतो, तरुणांचं रेल्वेचं सवलतकार्ड चालत नाही. पासपोर्ट नाही, लायसन्स नाही, तर फुकट मिळणाऱ्या मतदार प्रमाणपत्रासाठी अर्ज करा, तोही मुदतीत.

एवढं मी पंगतीतही बोलू शकले असते. ४ मे २०२३चं मात्र बोलले नाही.

इंग्लंडमध्ये हा नियम लागू झाल्यावरची ती पहिलीच निवडणूक, स्थानिक. मी मतदान केंद्रावर कारकून म्हणून नाव दिलं होतं. दिवसाचे चार पैसे मिळतात आणि मला हे काम मनापासून आवडतं. सकाळी सातच्या आत टेबलं मांडली, शिसपेन्सिली दोऱ्यानं बांधल्या. कोपऱ्यात आडोसा आणि त्यामागे एक लहानसा आरसा, चेहरा झाकणाऱ्या बायकांना ओळख पटवल्यावर पुन्हा नीट आवरता यावं म्हणून. आरसा मीच पुसून ठेवला. शिवाय एक नवा तक्ता होता: ओळखपत्राअभावी किती लोक परत गेले ते मोजायचा. नाव लिहायचं नाही, नुसती उभी रेघ मारायची.

चारच्या सुमारास आमचे शेजारी आले. माझी लेक त्यांना आजोबा म्हणते, मीही म्हणते. अकरा वर्षांचा शेजार. आम्ही भारतात गेलो की आमचे कचऱ्याचे डबे तेच बाहेर ओढतात, पार्सलं तेच घेऊन ठेवतात. त्यांच्या घराची एक किल्ली आमच्या खिळ्याला टांगलेली असते. दर निवडणुकीला त्यांच्या खिडकीत हुजूर पक्षाचं निळं पोस्टर लागतं. त्या दिवशी टाय लावून आले होते. "आय अप, मी डक," म्हणाले (आमच्याकडे मिडलंड्समध्ये रामराम असाच घालतात) आणि मतदानाची सूचना देणारं पोलकार्ड माझ्यापुढे सरकवलं.

"फोटो असलेलं काही आहे?" मी विचारलं.

ते हसले. "माझी किल्ली तुझ्याकडे आहे ना?"

म्हटलं, आहे, पण नियम आहे. त्यांनी पाकीट उघडलं. लायब्ररीचं कार्ड. बँकेचं कार्ड. बोल्स खेळाच्या क्लबचं कार्ड निघालं, त्यावर फोटोसुद्धा होता, हसरा. चालणार नव्हतं. डोळे अधू झाल्यावर लायसन्स त्यांनी स्वतःहून परत केलेलं. पासपोर्ट कधीच बाद होऊन फेकलेला. बसपास कधी काढलाच नाही, कारण बस म्हाताऱ्यांसाठी असते. वय एकोणऐंशी. प्रमाणपत्राच्या अर्जाची मुदत २५ एप्रिललाच संपली होती. कॅनडात त्याच मतदान विभागातला दुसरा मतदार लेखी हमी देऊन ओळख पटवू शकतो. इथे मी अकरा वर्षांची शेजारीण टेबलापलीकडे बसले होते आणि त्या ओळखीला दमडीची किंमत नव्हती. मी केंद्राध्यक्षांकडे पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

मला वाटलं, आता चिडतील. ते म्हणाले, "बरोबर आहे तुझं. मीच म्हणत होतो, असा नियम पाहिजे म्हणून." कार्डं एकेक करून पाकिटात परत घातली, त्याला बराच वेळ लागला. मागे बाबागाडी घेऊन आलेल्या बाईसाठी दार धरून उभे राहिले आणि गेले. रात्री दहापर्यंत केंद्र उघडं होतं, पण आणायला घरी होतं काय?

मी तक्ता पुढे ओढला आणि रेघ मारली. ती मारताना माझ्या मनात जे आलं ते असं: बरं झालं, एक निळं मत कमी.

रेघ ओढायला लागतो तेवढाच वेळ टिकलं ते. पण आलं. घरी नवऱ्यालाही सांगितलं नाही. माझं स्वतःचं मत मी आठवडाभर आधी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून टपालानं दिलेलं, सही आणि जन्मतारीख घालून. फोटोचा प्रश्नच नाही. केंद्रावर गेले असते तर भारताचा पासपोर्ट चालला असता. आणि या गावात जन्मलेला माणूस माझ्यासमोरून परत गेला.

नंतर निवडणूक आयोगानं आकडा दिला: त्या दिवशी ओळखपत्राअभावी केंद्रावर मत देऊ न शकलेले सुमारे १४,०००, म्हणजे केंद्रावर आलेल्यांपैकी ०.२५ टक्के. "एवढेच ना!" मंडळातले देशपांडे म्हणाले. एवढेच. त्यातली एक रेघ माझ्या हातची आहे, म्हणून मला तो आकडा लहान वाटत नाही. बोगस मतांचा हिशेब मांडायचा तर २०१९ साली सगळ्या निवडणुका मिळून ५ कोटी ८० लाखांवर मतं पडली आणि केंद्रावर दुसऱ्याच्या नावानं मत दिल्याच्या तक्रारी आल्या ३३.

त्याच मे महिन्यात हुजूर पक्षाचे जेकब रीस-मॉग एका परिषदेत बोलून गेले की मतदारसंघाची मोडतोड करू पाहणाऱ्यांवर डाव उलटतो, ओळखपत्राच्या सक्तीत आमचं तसंच झालं. कार्ड नसलेले म्हातारे बहुतेक आमचेच मतदार निघाले. आमच्या कंपूत हशा पिकला. मी हसले नाही, पण आजोबांची गोष्टही सांगितली नाही. पुढच्या वर्षी बोरिस जॉन्सन स्वतःच ओळखपत्र घरी विसरून आले आणि केंद्रावरून परत गेले, तेव्हा मात्र मी पोटभर हसले. ज्यांच्या सरकारचा कायदा, त्यांनाच दरवाजा! ते पुन्हा येऊन मत देऊन गेले, हा भाग आम्ही गोष्ट सांगताना गाळतो.

तुमचं खरं असेल तेही सांगते. लंडनच्या टॉवर हॅम्लेट्सची महापौराची निवडणूक २०१५ साली न्यायालयानं रद्द केली, खोट्या मतांपासून लाचेपर्यंत सगळं सापडलं होतं. उत्तर आयर्लंडमध्ये २००३पासून फोटो दाखवतातच, आकाश कोसळलेलं नाही. म्हणजे २०२२मधली मी अगदीच मूर्ख नव्हते. तिच्याशी माझं भांडण अजून चालू आहे. ती म्हणते, प्रमाणपत्र फुकट होतं, आजोबांनी अर्ज का नाही केला? मी म्हणते, तू नोकरीसाठी व्हिसाचे अर्ज भरत आयुष्य काढलंस, तुला अर्जाचं काही वाटत नाही. २०२४च्या वसंतात मी खरंच त्यांना अर्ज छापून नेऊन दिला. त्यांनी तो घडी करून घड्याळाखाली ठेवला. "मी इथलाच आहे, डक. इथला आहे हे कळवायला अर्ज करू?" जुलैतल्या सार्वत्रिक निवडणुकीला ते आले नाहीत. निळं पोस्टर मात्र लागलं होतं.

आणि "हुजूर पक्षानं आणला म्हणून विरोध" याचं उत्तर: हो, काही अंशी. ते आजोबा मजूर पक्षाचे असते तर ही गोष्ट मी पहिल्याच पंगतीत, वरणभातावर तूप पडायच्या आत सांगितली असती.

आता सरकार मजूर पक्षाचं आहे. त्यांनी नियम रद्द केला नाही. जुलै २०२५मध्ये जाहीर केलं की यापुढे बँकेचं कार्डही चालवू. आजोबांच्या पाकिटात त्या दिवशी होतं तेच. मी आनंदानं कुंपणापाशी जाऊन त्यांना सांगितलं. त्यांनी जरा विचार केला.

"पण त्यावर फोटो कुठे असतो? कुणाचंही कार्ड कुणीही आणेल," ते म्हणाले. "तुमच्या लोकांना नियम नीट करताच येत नाहीत."

"माझे लोक नाहीत ते," मी म्हटलं.

"त्या दिवशी टेबलामागे तर तूच होतीस," ते म्हणाले आणि हसत डबे ओढायला गेले. आमचेही.