‘घे की मांडीवर!’

गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा इकडे जर्मनीत आले होते. उल्महून लिंडाऊला, तळ्याकाठी जायचं ठरलं. घराखाली आमची छोटी गाडी आणि माणसं सहा. मागे एका बाजूला धाकट्याची खुर्ची, दुसऱ्या बाजूला लेकीची उंच बैठक, मधे वीतभर फट. बाबा म्हणाले, "अरे, पोराला घे की मांडीवर! दीड-दोन तासांचा तर रस्ता."

शेवटी बायको बाबांना घेऊन रेल्वेने आली आणि आम्ही बाकीचे गाडीने. पुढचे दोन महिने प्रत्येक सहलीला हेच. कुटुंब एकत्र यावं म्हणून आई-बाबांना एवढ्या लांबून बोलावलं आणि दर रविवारी आम्ही दोन वाटांनी निघायचो.

इथे मूल १२ वर्षांचं किंवा १५० सेंटिमीटर उंच होईपर्यंत त्याला त्याच्या मापाची खुर्ची लागते. मूल मोकळं बसवलेलं सापडलं तर ६० युरो दंड आणि लायसन्सच्या खात्यावर एक पॉइंट. आठ पॉइंट झाले की लायसन्स जातं. बाबांना मी दंडाचं कारण सांगितलं, कारण ते सांगायला सोपं होतं. खरं म्हणजे आता माझा हातच धजत नाही. पट्टा ‘टक्’ वाजल्याशिवाय मला किल्ली फिरवता येत नाही. हा नियम मला मनापासून पटलेला आहे.

पण त्यावरून आपल्याकडच्या माणसांना कोणी नावं ठेवली की मला राग येतो. मारुती ८०० मधून आम्ही सात जण वेरूळला गेलो आहोत. मी दोन सीटांच्या मधे उभा राहून समोरचा रस्ता बघायचो. आई-बाबा बेफिकीर नव्हते. आमच्या त्या गाडीत मागे पट्टेच नव्हते, आणि दौलताबादच्या घाटात बाबांनी काटा कधी चाळिसापुढे जाऊ दिला नाही. होतं त्यात त्यांनी आम्हाला जपलं.

तर सात सीटची गाडी घ्यायची हे लिंडाऊच्या वाटेवरच ठरलं. स्कोडा कोडियाकचं नाव काढताच बाबा फोनवर खूश. "म्हणजे आपल्या शेंद्र्याची गाडी!" छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात कोडियाकची जुळणी होते, आणि वाळूजच्या एमआयडीसीत आयुष्य काढलेल्या माणसाला तेवढं पुरेसं असतं.

जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे दोन कोडियाक शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक साधी, १५० हॉर्सपॉवरची डिझेल. दुसरी आरएस, म्हणजे तिचीच वेगवान आवृत्ती. तेच दोन लिटरचं डिझेल, पण दोन टर्बो लावून २४० हॉर्सपॉवर. २०१८ साली रेसर साबीने श्मित्स यांनी हीच आरएस न्यूर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफ या शर्यतीच्या ट्रॅकवर ९ मिनिटं २९.८४ सेकंदांत फिरवून सात सीटच्या एसयूव्हींचा विक्रम केला होता. आकडा मला तोंडपाठ आहे. सात सीट! बायकोला मी तेच सांगत होतो, की यातही सगळे बसतात.

टेस्ट ड्राइव्हला उल्मच्या पुढे ए-८ महामार्गावर वेगमर्यादा संपल्याची पाटी आली. तिथून पुढे १३० चा फक्त सल्ला असतो, सक्ती नसते. रस्ता मोकळा होता. मी पाय दाबला आणि पाठ सीटमध्ये रुतली. दोनशेला स्टिअरिंग दगडासारखं स्थिर. कॉलेजात असताना मित्राची बाइक मागून घेऊन बीड बायपासवर चालवायचो, तो मुलगा त्या पाच मिनिटांत पुन्हा भेटला. त्या पिकअपला मी कधीच कमी लेखणार नाही.

परतताना जुन्या गावातल्या दगडी फरसबंदीवरून आलो. चाकं २० इंची, टायरचं रबर उभं अगदी कमी. दगडन् दगड कमरेला कळत होता. बायको मुद्दाम मधल्या रांगेत, जिथे आई बसणार तिथे बसली होती. ती एवढंच म्हणाली, "आईंची कंबर आठव." तिच्या शेजारून लेक म्हणाली, "बाबा, मला पुढचं काहीच दिसत नाही." आरएसच्या पुढच्या सीटांचा डोकं टेकायचा भाग पाठीतच जोडलेला असतो, भिंतीसारखा.

मग बाकीचा हिशेब मांडला. रस्ता-करातला इंजिनाच्या आकाराचा वाटा दोन्हींना सारखाच, १९० युरो. विमा मात्र मॉडेल बघून ठरतो, आणि माझ्या हातात आलेला आरएसचा आकडा बराच वरचा होता. त्यात हिवाळी टायरांचा वेगळा खर्च. पण पैशांसाठी मागे हटलो असं कोणी समजू नये. फरक मला पेलण्यासारखा होता. ती फरसबंदी नसती, तर आज आरएस दारात उभी असती.

मंगळवारी साधी कोडियाक ताब्यात आली. तिसऱ्या रांगेत लेकीची बैठक पट्ट्याने बांधली आणि व्हिडिओ कॉलवर दाखवली. मग मधल्या रांगेतली खिडकीकडची जागा दाखवून म्हटलं, "ही आईची." आईने बाबांच्या हातून फोन घेतला.

"ह्यांना मधे नको बसवूस, पाय लांब आहेत त्यांचे."

सीट मागेपुढे सरकते म्हणून सांगितलं, तर म्हणाली, "सरकवून दाखव बघू."