बाई आर कमिंग!

शाळेच्या स्मरणिकेसाठी लिहायचा निरोप आला तेव्हाच ठरवलं, की संस्कार, शिस्त आणि मैदान हे विषय बाकीच्यांना सोडून द्यायचे. मी लिहिणार आहे इंग्रजी क्रियापदाला लागणाऱ्या एका 'एस'बद्दल.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. पहिलीपासून सुरू झालं ते 2000 साली. नववीपर्यंत 'ही गोज, दे गो' तोंडपाठ झालेलं असायचं, पण बोलायची वेळ आली की आतली मराठी डोकं वर काढायची. एकदा इंग्रजीच्या बाईंची चाहूल लागताच दारातला एक जण ओरडला, "बाई आर कमिंग!" बाई आत आल्या, पर्स टेबलावर ठेवली आणि वळून दाराबाहेर बघू लागल्या. "मी तर एकटीच आलेय. आणखी कोण कोण येतंय रे?"

मग फळ्यावर लिहिलं: बाबा गेले, आजोबा झोपलेत, बाई आल्या. घरातल्या एकेका मोठ्या माणसाला आपण अनेकवचनात बसवतो. इंग्रजी क्रियापद मान देत नाही, नुसती डोकी मोजतं. 'यू' तेवढं वेगळं. समोर एकच माणूस असला तरी 'यू आर', कारण जुनं एकवचनी 'दाऊ' मागे पडलं आणि अनेकवचनी 'यू' सगळ्यांनाच लागू झालं. "साहेबानेही एकदा सरसकट अहोजाहो सुरू केलं," बाई म्हणाल्या, "आणि अरेतुरे विसरून गेला."

मराठीच्या तासाचे प्रयोगही त्या बिनदिक्कत इंग्रजीच्या तासाला काढायच्या. रामाने आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, केळं खाल्लं. क्रियापद कर्माच्या मागे धावतंय, रामाला कुणी विचारत नाही. इंग्रजीत तिन्हीकडे 'एट'. भूतकाळात 'वॉज' आणि 'वेअर' सोडले तर कर्ता कोण याने क्रियापदाला फरकच पडत नाही. सगळी भानगड वर्तमानकाळात.

पण बाईंचं खरं कसब दिसलं ते आंब्यांच्या पेटीत. 'द बॉक्स ऑफ मँगोज आर हेवी' हे वाक्य निम्म्या वर्गाने बरोबर ठरवलं होतं. बाईंनी 'ऑफ मँगोज'भोवती खडूने कंस घातला आणि आम्हाला तेच मराठीत म्हणायला लावलं. आंब्यांची पेटी जड आहे. इथे 'आहेत' म्हणायचं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही, कारण आंबे आधी येऊन जातात आणि पेटी क्रियापदाच्या बाजूला राहते. इंग्रजीत उलटं. पेटी आधी, आंबे नंतर; मग शेजारधर्म म्हणून क्रियापद आंब्यांच्याच नादी लागतं. तेव्हा अडलं की मनात मराठी करा, 'चा-ची-चे'च्या पुढे जे उरेल तो कर्ता. इंग्रजीतूनच विचार करा असं जो तो बजावत असताना बाई हे शिकवत होत्या, आणि मला अजूनही त्यांचंच पटतं. उपाय सगळीकडे चालत नाही. 'द नंबर ऑफ बॉइज इज फॉर्टी' जमतं, पण 'अ नंबर ऑफ बॉइज आर ॲब्सेंट' पाठच करावं लागतं.

29 फेब्रुवारी 1996 ला आपल्या पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर केनियाने वेस्ट इंडीजला 93 धावांत गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी वर्गात दुसरा विषयच नव्हता. त्यात एकाने शंका काढली, की केनिया हा एक देश, मग इंग्रजी कॉमेंट्रीत 'केनिया आर' कसं म्हणतात? बाईंना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण उत्तर तयार होतं. देश म्हटला की एक, संघ म्हटला की अकरा जण. ब्रिटिश इंग्रजी मैदानावर त्या अकरांना मोजते. पुढचा तास अर्थातच 93 धावांनी खाल्ला.

आता हिंजवडीत नोकरी करताना माझ्या मेलमधलं 'द टीम आर' अमेरिकेतला साहेब न चुकता 'इज' करून परत पाठवतो. त्यांच्याकडे संघही एकच. मी निमूट मान्य करतो. महोत्सवाला बाई येणार आहेत असं कळलंय, तेव्हा हे त्यांच्या कानावर घालणार आहे. त्या ऐकून घेतील असं वाटत नाही.